रविवारी खोलीत बसू नकोस

नौपाडा, ठाणे

प्रिय बाळा,

परवा चरईला तुमच्याकडे आले, तेव्हा तू वजनकाट्यावर बॅग चढवून बसला होतास. आई एकेक पुडी हातात देत होती. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, आमसुलं. बोलता बोलता तू म्हणालास, "मावशी, शनिवार-रविवार खोलीवरच काढायचे ठरवलंय. स्वयंपाक, अभ्यास आणि घरी फोन. फिरण्यावर पैसे घालवायचेच नाहीत." चार माणसांत मला काही बोलता आलं नाही, पण रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. कारण आता तू जिथे शिकायला निघालायस, त्याच जर्मनीतल्या श्टुटगार्टला मी अगदी हेच ठरवून 2002 च्या ऑक्टोबरात शिकायला गेले होते आणि ठरवल्याप्रमाणे वागलेही. पहिले पाच महिने प्रत्येक रविवार शहराच्या फाइहिंगेन भागातल्या हॉस्टेलमध्ये वरण-भात आणि फोनकार्डावर गेला. फेब्रुवारीत परीक्षा झाल्या. मार्क चांगले पडले, पण बेकरीत पाव मागतानासुद्धा माझी जीभ अडखळत होती. त्या पाच महिन्यांची हळहळ मला आजही वाटते.

तिकडचा रविवार कसा असतो ते आधी नीट समजून घे. रविवारची विश्रांती तिथे राज्यघटनेनंच राखलेली आहे. दुकानं बंद, युनिव्हर्सिटीची मेन्झा म्हणजे मेसही बंद. बेकऱ्या सकाळी थोडे तास उघडतात आणि मोठ्या रेल्वे स्टेशनातली काही दुकानं चालू असतात, बाकी सामसूम. आपल्याकडे रविवारी गोखले रोडवर पाय ठेवायला जागा नसते. तिथे तुला खिडकीतून रिकामा रस्ता दिसेल आणि त्या शांततेत घरची आठवण फार जड होते. म्हणून भाजीपाला, दूध शनिवारीच आणून ठेव. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी मार्क्टप्लाट्झ आणि शिलरप्लाट्झ या चौकांत आठवडी बाजार भरतो, तिथून आण. सुपरमार्केटपेक्षा चार पैसे जास्त जातील, पण समोर उभा माणूस शेतकरी असतो, त्याच्याशी बोलावं लागतं. आईबरोबर जांभळी नाक्यावर भाजी घेत मोठा झालेला मुलगा तू, बोलणं जमेल तुला.

रविवार मात्र बाहेरचा.

पैशाची काळजी समजते मला. पण लोकल गाड्या, बस, ट्राम यांना देशभर चालणारं महिन्याचं डॉइचलांड-तिकीट आहे. मे 2023 मध्ये ते 49 युरोला सुरू झालं, जानेवारी 2025 पासून 58 झालं आणि 2026 पासून 63. विद्यार्थ्यांसाठी त्याचे सवलतीचे प्रकार असतात, तुझ्या वयाला आणि कोर्सला कुठलं लागू पडतं ते ॲडमिशनच्या कागदांबरोबरच विचारून घे. ते ICE सारख्या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना चालत नाही, हे पक्कं लक्षात ठेव. एकदा तिकीट खिशात आलं की बाहेर पडायला वेगळा खर्च नाही. सोमवार ते शुक्रवार ज्या पासावर कॉलेजला गेलास, त्याच पासावर रविवारी डोंगरात. पास काढून रविवारी खोलीत बसणं हेच खरं नुकसान.

खाण्याचा खर्चही भागतो, कारण तिथले लोकसुद्धा डबा घेऊनच निघतात. श्वाबेन भागात, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपास, त्या डब्याला फेस्पर म्हणतात. पाव, चीज, काकडी, सफरचंद, उकडलेलं अंडं. तू पोळीचा रोल ने, बटाट्याची सुकी भाजी ने. बाकावर डबा उघडलास की शेजारचा विचारतो हे काय, आणि तिथून बोलणं सुरू होतं. माझं जर्मन वर्गात जेवढं सुधारलं नाही, तेवढं या डब्यांवर सुधारलं.

आता माझ्या पहिल्या बाहेर पडण्याची गोष्ट सांगते. मार्च संपत आला होता. आमच्या मजल्यावर राहणारी एक मुलगी, आल्ब डोंगराकडची, मला जवळजवळ ओढूनच बाड उराख या गावी घेऊन गेली. मेट्झिंगेनला गाडी बदलायची आणि छोट्या गाडीनं पुढे. धबधब्याच्या नावाचंच स्टेशन आहे. तिथून चालत गेलं की 37 मीटरची धार कड्यावरून सरळ खाली पडते. पण माझ्या मनात धबधब्याआधीचा वास राहिला आहे. झाडीत शिरलो आणि लसूण! जणू कुणी पुढे चूल मांडून फोडणी टाकत होतं. बघितलं तर झाडांखाली हिरवीगार पानं पसरलेली. ती बेअरलाउख, म्हणजे रानलसूण. मी वाकून खुडायला लागले तर तिनं माझा हात धरला. लिली-ऑफ-द-व्हॅलीची आणि कोल्शिकमची पानं हुबेहूब अशीच दिसतात आणि दोन्ही विषारी. मी म्हटलं, वासावरून कळेल की. ती म्हणाली, पहिलं पान चुरगळलंस की वास बोटांना लागतो, मग पुढच्या प्रत्येक पानाला लसणाचाच वास येतो. मग तिनं एक पान हळूच बुडापासून वर काढून दाखवलं. रानलसणाचं प्रत्येक पान स्वतःच्या वेगळ्या देठावर जमिनीतून येतं. एकेक पान असं बघून, मूठभरच घेतलं आम्ही. संध्याकाळी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात तिनं ते चिरून दह्यासारख्या क्वार्कमध्ये कालवलं आणि उकडलेल्या बटाट्यांबरोबर आम्ही खाल्लं.

त्या रात्री मला शेवळं आठवली. पावसाच्या तोंडावर आपल्याकडे आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात आणि बरोबर काकडं देतात, कारण ती आंबट फळं घातली नाहीत तर घसा खाजतो. शेवळं कशी निवडायची, काय घालायचं, हे त्या बायकांना विचारूनच आपल्या आज्या शिकल्या. तिथेही तसंच आहे रे. त्या जंगलाची, त्या ऋतूची खूणगाठ तिथल्या माणसाकडेच असते, आणि ती विचारायला त्याच्यासोबत चालत जावं लागतं. तू स्वतः मात्र जाणत्या माणसाशिवाय एकही पान तोडू नकोस, हे मी हात जोडून सांगते.

तू शाकाहारी आहेस म्हणून आई घाबरते. तिला सांग, तिथल्या लोकांचा जीव मसुरावर आहे! लिन्झेन मिट श्पेट्झले म्हणजे मसूर आणि अंडं घातलेल्या पिठाच्या ओबडधोबड शेवया, हा श्वाबेनचा घरोघरचा पदार्थ. बरोबर सॉसेज देतात, ते नको म्हणून सांगायचं. पण मसुरातच कधी डुकराच्या मांसाचे तुकडे शिजवलेले असतात, त्यामुळे "ओने श्पेक?", म्हणजे ते तुकडे न घालता, हे दोन शब्द आधी पाठ कर. या मसुरात शेवटी व्हिनेगर घालतात. पहिला घास घेतला तेव्हा मला आमसूल घातलेल्या आमटीचीच आठवण झाली.

आणि हा मसूर तिथून नाहीसा झाला होता, हे तुला माहीत असावं. आल्बच्या दगडाळ, हलक्या जमिनीत तो पिढ्यान् पिढ्या पिकायचा. मसुराचा वेल नाजूक, एकटा उभा राहत नाही, म्हणून सातू किंवा ओटबरोबर पेरतात आणि त्यांच्या आधारानं तो वाढतो. मग कापणी-निवडणीची कटकट परवडेना, विसाव्या शतकाच्या मध्यावर शेतकऱ्यांनी तो सोडला आणि जुनी वाणं हरवली. 2006 मध्ये ती सापडली कुठे, तर रशियात सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव संस्थेच्या बियाणे-संग्रहात. तिथून आलेल्या थोड्याशा बियांपासून वाढवत वाढवत आज आल्ब-लायझा या नावानं तो पुन्हा विकला जातो. साध्या मसुरापेक्षा महाग आहे, रोजच्यासाठी नको घेऊस. पण एकदा बाजारात विकणाऱ्याला त्याची गोष्ट विचार. तिथली माणसं मितभाषी असतात, पण मसुरावर बोलायला लागली की थांबत नाहीत.

तू जाशील तेव्हा नव्या द्राक्षांचे दिवस असतील. वर्षातून काही महिनेच द्राक्षमळेवाले आपल्या घरी चाळीसेक माणसांची खानावळ मांडतात आणि उघडी असल्याची खूण म्हणून दारावर झाडू टांगतात. तिला बेझन म्हणजे झाडूच म्हणतात. लाकडी बाकावर अनोळखी माणसांना खेटून बसायचं. वाइन घ्यायची की द्राक्षाचा रस, ते तुझं तू ठरव. कांदा घालून भाजलेला खारा केक, त्स्वीबेलकूखन, मात्र माग, आणि तिथेही "ओने श्पेक" विचारायला विसरू नकोस. एकटा जाऊ नकोस. वर्गातल्या कुणा स्थानिकाला म्हण, मला दाखव. आपल्या मराठी मुलांबरोबर जरूर भेट, गणपतीला, दिवाळीला भेट, पण महिन्यातले दोन रविवार तरी त्या मंडळींबाहेरचे ठेव. दोन्ही हवं.

बॅगेत जागा होत नसेल तर मेतकुटाची एक पुडी काढ, पण आमसुलं राहू देत. एखाद्या रविवारी फेस्पर वाटून खाल्लेल्या माणसाला सोलकढी पाज. आणि पुढच्या उन्हाळ्यात घरी येशील तेव्हा माझ्यासाठी आल्ब-लायझाची अर्ध्या किलोची पिशवी आण. आमटी मी करते, व्हिनेगर किती घालायचं ते तू सांग.

तुझी,
नौपाड्याची मावशी