बर्लिन बचाव: किल्लेकोट गेला तरी काळा उभा कसा राहतो?

तुमचं म्हणणं असं की बुद्धिबळातल्या बर्लिन बचाव या सुरुवातीत आठव्या चालीलाच वजीर गेले, काळ्याचा राजा किल्लेकोटाचा (हत्तीआड सुरक्षित जाण्याचा) हक्क गमावून डी८ वर अडकला, सी फाईलवर (उभ्या रांगेत) एकामागे एक प्यादी आली. मग २००० साली लंडनमध्ये क्रामनिक कास्पारोव्हविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात हे मुद्दाम का खेळला?

आधी चाली पटावर मांडा. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट बी५ घोडा एफ६, किल्लेकोट, घोडा ई४ चं प्यादं घेतो, डी४ घोडा डी६, उंट सी६ चा घोडा घेतो, डी७ चं प्यादं तो उंट घेतं, डी४ चं प्यादं ई५ घेतं, घोडा एफ५, मग वजिरावजिरी, म्हणजे दोन्ही वजीर मारले जातात. आता सगळी मोहरी मनातल्या मनात उचलून फक्त राजे आणि प्यादी ठेवा. राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार विरुद्ध तीन प्यादी, तिथून एक प्यादं मोकळं करून पुढे काढता येतं. काळ्याचीही वजिराच्या बाजूला चार विरुद्ध तीन आहेत, पण सी६-सी७ एकामागे एक असल्यामुळे त्यातून सहजासहजी काही निघत नाही. तो शेवट पांढरा जिंकतो.

म्हणूनच काळ्याने मारामारी करत सुटायचं नाही. मी सुरुवातीला नेमकं हेच करायचो. दिसेल ते मोहरं मारून बरोबरीची वाट बघायचो आणि हरायचो. काळ्याचं बळ दोन उंटांत आहे, ते जपायचे. पांढऱ्याचं प्यादं ई५ पर्यंत पुढे गेल्यामुळे एफ५ चा घोडा छान बसतो. त्याला जी४ ने हुसकू नये म्हणून बरेचदा एच५ खेळतात. राजाची फारशी काळजी नको, वजीर नाहीत. तो ई८ ला किंवा सी८ वरून बी७ कडे जातो. खरी अडचण एच८ च्या हत्तीची, तो उशिरा खेळात येतो.

क्रामनिकने हे बरोबर ओळखलं होतं. वजिरांसह हल्ला चढवणारा कास्पारोव्ह त्याला पटावर नकोच होता. पहिला, तिसरा, नववा, तेरावा असे चार डाव बर्लिनचे झाले, चारही बरोबरीत. पंधरा वर्षं जगज्जेता असलेला कास्पारोव्ह त्या सामन्यात एकही डाव जिंकला नाही, ८.५-६.५ ने हरला.

पांढऱ्याने खेळत असाल आणि हा शेवट नकोच असेल, तर चौथ्या चालीला किल्लेकोटाऐवजी डी३ खेळा, वजीर पटावर राहतील. पण माझं ऐकाल तर महिनाभर काळ्याकडून बर्लिनच खेळून बघा.