भावा, ड्रोनवाला ठरवताना आधी हे बघ

भावा, प्री-वेडिंगला ड्रोन लावतोयस ते बेस्ट, पण नुसता दिवसाचा रेट विचारून बुक करू नको. आधी शोरील (त्यानं निवडून जोडलेले भारी तुकडे) न बघता एखाद्या शूटचं कच्चं फुटेज माग. रीलमध्ये तीन सेकंदाचा कट सगळ्यांचाच भारी दिसतो, कच्च्यात कळतं हात थरथरतोय का, कॅमेरा फिरवताना झटका बसतोय का.

मग कागद. पैसे घेऊन उडवणाऱ्याकडं, ड्रोन २५० ग्रॅमच्या वरचा असेल तर, रिमोट पायलट सर्टिफिकेट पाहिजे आणि ड्रोनला यूआयएन म्हणजे सरकारी नोंदणी नंबर पाहिजे, २०२१ च्या नियमांपासून हे असंच आहे. "आपली ओळख हाय ओ" म्हणणारा असला की सरळ दुसरा बघ. आपल्या कोल्हापुरात उजळाईवाडीला विमानतळ आहे, त्यामुळं लोकेशन ठरलं की डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन साइटच्या नकाशावर झोन त्याच्यासमोरच उघडून बघायचा. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही तिथंसुद्धा, ४०० फुटांच्या वर जायचं नाही.

पन्हाळ्यावर म्हणशील तर तिथं परवानगीचं वेगळं विचार, आणि वारा, बाबा रे वारा! माझ्या शूटला बॅटरी ४० टक्के असताना पोराने ड्रोन दरीवर नेला, येताना समोरनं वारं, जागच्या जागी लटकलेला, नवरी फेटा धरून वर बघत बसलेली. आला परत कसाबसा. तेव्हापासून मी चार बॅटऱ्या असल्याशिवाय ॲडव्हान्स देत नाही.

रंकाळ्यावर सकाळी साडेसहाला बोलव, गर्दी कमी असते. घारी मात्र असतात.