राजीनामा कुणी द्यायचा?

प्रश्न : मुलगा पुण्यात एका स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा निवडणूक लढवून विद्यार्थी मंडळाचा जीएस (जनरल सेक्रेटरी) झाला. पाचव्या सेमिस्टरला ‘हीट ट्रान्सफर’ राहिला, सीजीपीए (दहापैकी सरासरी गुण) ७.९ वरून ७.४ वर आला. अभ्यास सोडून मेसची आमटी पातळ का, याची चौकशी करत फिरतो. त्याला पदावरून कमी करावे, असा अर्ज मी प्राचार्यांना दिला आहे. त्याला सांगितलेले नाही. ऐकले नाही तर हॉस्टेलचे पैसे बंद करणार आहे. पुढारीपणच करायचे तर कलेक्टर हो म्हणून यूपीएससीच्या क्लासची चौकशीही केली आहे. कोणता क्लास चांगला?
— एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : नमस्कार. तुम्ही क्लास विचारलाय, पण मी त्या अर्जापाशीच अडकले.

तुमचा मुलगा वीस वर्षांचा आहे. गावच्या ग्रामपंचायतीला तो मत देतो, एकविसाव्या वर्षी उभाही राहू शकेल. आणि त्याच्या वर्गमित्रांनी मतं देऊन दिलेलं पद तुम्ही त्याच्या माघारी काढून घ्यायला निघालात. कॉलेजच्या ऑफिसात आलेला असा कागद गुप्त राहत नाही. ‘जीएसच्या वडिलांनी अर्ज दिलाय’ हे त्याला तुमच्याआधी एखाद्या क्लार्ककडून किंवा कँटीनमध्ये कळेल. त्यानंतर तो अभ्यासाला बसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? पैसे बंद करण्याची धमकी तर त्याहून वाईट. एका विषयात नापास झाल्याची शिक्षा जेवणाखाण्यावर काढायची नसते. उद्या दुसरा विषय राहिला तर तो तुम्हाला सांगणारच नाही. असे घरापासून निकाल लपवणारे विद्यार्थी माझ्याकडे येतात, आणि फार उशिरा येतात.

तुमच्या भीतीचं मूळ पत्रातच आहे. विद्यार्थी निवडणूक म्हणजे मारामाऱ्या आणि पक्षांचे झेंडे, असं तुम्ही पुढे लिहिलंय. तुमच्या पिढीने ते पाहिलंय, हे मान्य. १९८९ मध्ये मुंबईत याच निवडणुकांच्या हाणामारीत एका विद्यार्थ्याचा जीव गेला. पुढे १९९४च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुकाच काढून टाकल्या आणि वर्गात पहिला येणाराच वर्गप्रतिनिधी होऊ लागला. म्हणजे मार्क चांगले म्हणून पद, मग त्याला चार माणसांशी बोलता येवो न येवो. (ती पद्धत तुम्हाला आवडली असती.) २०१६च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद परत आणली. दरम्यान माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या. उमेदवाराची किमान ७५ टक्के हजेरी हवी, निवडणुकीच्या वर्षी विषय राहिलेला नको, खर्च पाच हजारांच्या आत, राजकीय पक्षाचा पैसा नको आणि पदाधिकारी म्हणून एकदाच संधी. प्रत्येक कॉलेजात हे तंतोतंत पाळलं जातं असं मी म्हणणार नाही. पण अभ्यास बुडवणाऱ्यांसाठी ही वाट आखलेली नाही, एवढं त्यातून दिसतं.

आता ती आमटी. हॉस्टेलची मेस चालवणं म्हणजे ठेकेदाराचा करार, दरडोई खर्च, वाया जाणारं अन्न आणि रोज भांडायला येणारी तीनशे-चारशे पोरं. कारखान्यात लागला तर त्याला शॉप फ्लोअरवर हेच करावं लागेल, फक्त आमटीच्या जागी सुटे भाग असतील. मात्र ‘मी जीएस होतो’ या ओळीला नोकरीच्या मुलाखतीत काडीचीही किंमत नाही, हे त्यालाही सांगा. काय बदललं ते विचारतील. करारातलं कोणतं कलम बदलून घेतलं, तक्रारी किती दिवसांत मिटायला लागल्या, हे सांगता आलं तर काम झालं. नुसते गॅदरिंगचे फोटो असतील तर वर्ष फुकट गेलं.

मी त्याचीही बाजू घेत नाही. बॅकलॉग हा बॅकलॉगच. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या सीजीपीएत साडेसहा-सातवर भागवतात, पण विषय राहिलेला असेल तर बसूच देत नाहीत. सातव्या सेमिस्टरच्या सुरुवातीला कंपन्या यायला लागतात, त्याआधी ‘हीट ट्रान्सफर’ सुटलाच पाहिजे. त्याने मंडळाची कामं सहसचिव आणि वर्गप्रतिनिधींत वाटून द्यावीत. सगळं स्वतःच्याच डोक्यावर घेणारा जीएस कामाचा नसतो, आणि मला वाटतं त्याचं खरं चुकतंय ते इथे. पद तसंही वर्षअखेरीला संपतंय, आत्ता राजीनामा देऊन फार तर दोन-तीन महिने वाचतील.

आता परीक्षांचं. ‘गेट’ला, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला, तिसऱ्या वर्षापासून बसता येतं. यूपीएससीला कोणतीही पदवी आणि २१ वर्षं पूर्ण हवीत. त्याने तोंडातून नावही न काढलेल्या परीक्षेचा क्लास मी सुचवणार नाही. ॲडव्हान्स भरला असेल तर परताव्याची अट आजच वाचा.

प्राचार्यांना दोन ओळींचं पत्र पाठवून अर्ज मागे घ्या. त्याआधी मुलाला फोन करून असा अर्ज दिला होता हे स्वतः सांगा. तो चिडेल, चिडू द्या. पैसे नेहमीच्या तारखेला पाठवा आणि राहिलेल्या विषयाची परीक्षा कधी आहे, तेवढं विचारा.