संस्थेचं काम आणि हुकलेलं प्रमोशन

"संस्थेसाठी इतकी वर्षं राबलो, म्हणूनच नोकरीत मागे पडलो का हो?" हा प्रश्न घेऊन समुपदेशनासाठी येणारे इंजिनिअर मला दरवर्षी भेटतात. 15 सप्टेंबरचा अभियंता दिन जवळ आला की हमखास. व्याख्यानं, सत्कार, स्मरणिका, हॉलचं बुकिंग, सगळं यांच्याच अंगावर असतं. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) 1920 पासून आहे, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या आयईईई या जागतिक संस्थेची मुळं 1884 पर्यंत जातात, वातानुकूलनवाल्यांची इश्रे 1981 ची. या संस्थांच्या स्थानिक शाखा दिवसभर नोकरी करून संध्याकाळी येणाऱ्या माणसांच्या जिवावर चालतात. या कामाला पगार नसतो. घरचे म्हणतात, लष्कराच्या भाकऱ्या!

अशाच एका संस्थेच्या पुणे शाखेचे मानद सचिव माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय पंचेचाळीसच्या पुढे, विद्युत अभियंता, नोकरी चाकणला. त्यांच्यानंतर कंपनीत आलेला सहकारी त्यांच्या वरच्या पदावर गेला होता. झोप उडाली होती, बायकोशी कामापुरतं बोलणं उरलं होतं.

"मी हे निरपेक्ष बुद्धीनं करतो, मॅडम. पण कंपनीला त्याची काही किंमतच नाही."

ही दोन वाक्यं एका दमात आली. ती एकमेकांशी भांडत होती, पण त्यांच्या ते लक्षात आलं नाही. मीही लगेच दाखवून दिलं नाही. आपण दाखवलेलं माणसाला पटतं, पण मुरतं ते त्याचं त्याला सापडलेलं.

पुढे एकदा ते आले, त्याच संध्याकाळी शाखेचं व्याख्यान होतं. फोन टेबलावर उपडा ठेवलेला, पण सारखा थरथरत होता. शेवटी त्यांनी तो उलटा केला. ग्रुपवर मेसेज होता : 'सर, प्रोजेक्टर चालू होत नाहीये. पाहुणे आलेत.' ते खुर्चीतून अर्धे उठले.

"काय करणार?" मी विचारलं.

"फोन करतो. नाहीतर निघतोच. पोरांना नाही जमायचं."

"आणि नाहीच जमलं, तर?"

"कार्यक्रमाचा विचका होईल. माझं नाव आहे त्यावर."

"नाही फोन केला आज, तर काय होतं ते बघायचं का? मी इथे आहे."

ते बसले. हात मांडीवर घट्ट दाबून धरलेले. मी विषय बदलला नाही की धीरही दिला नाही. ती अस्वस्थता त्यांना पुरती भोगू देणं हेच त्या वेळी माझं काम होतं. काही मिनिटांनी फोन पुन्हा थरथरला. 'झालं सर, केबल सैल होती. सुरू केलं.'

त्यांनी तो मेसेज दोनदा वाचला. मला वाटलं, हायसं वाटेल. त्यांचा चेहरा उतरला.

"माझ्यावाचून झालं," ते म्हणाले. आणि बऱ्याच वेळानं, "मला वाईट का वाटतंय?"

इतके दिवस मी याच प्रश्नाची वाट बघत होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मी मानते. आपल्याला त्रास घटनेपेक्षा तिच्यावर लादलेल्या हट्टाचा जास्त होतो, हे मी समोर बसलेल्या माणसांत पुनःपुन्हा पाहिलं आहे. या गृहस्थांचा हट्ट होता, 'माझी गरज लागलीच पाहिजे.' शाखेत तो रोज पुरवला जात होता, ऑफिसात नाही. त्यामुळे जीव शाखेत रमायचा आणि ऑफिस अन्याय करतंय असं वाटायचं.

पुढचा धागा मग सहज हाती आला.

"वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये या कामाबद्दल काय लिहिलंत?"

"काहीच नाही. ते त्यांना दिसायला नको का?"

"कुठून दिसणार?"

ते थांबले. "म्हणजे निरपेक्ष म्हणत होतो आणि मनातल्या मनात हिशेब मांडत होतो."

हिशेब मांडण्यात काही पाप नाही, हे मी त्यांना निक्षून सांगितलं. तुम्हालाही सांगते. ओळख हवी असणं, बढती हवी असणं, या साध्या माणूसपणाच्या इच्छा आहेत. फक्त त्या मागाव्या लागतात, आणि मागून मिळतीलच असंही नाही. त्यांनी त्या वर्षी फॉर्ममध्ये लिहिलं : पगार न घेणाऱ्या माणसांकडून मी वर्षभर काम करून घेतलं, जमाखर्च ऑडिटला दिला, वेगवेगळ्या कंपन्यांच्या लोकांना एका टेबलावर बसवलं. बढती त्या वर्षी मिळाली नाही. नव्या इंजिनिअरांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी मात्र साहेबांनी त्यांच्याकडे दिली, आणि झोप त्याच्या आधीच परतली होती.

जे अशा संस्थेत पद घेण्याच्या विचारात आहेत, त्यांनी कंपनीचे नियम आधी वाचावेत. कित्येक ठिकाणी बाहेरचं पद घ्यायला लेखी परवानगी लागते. आठवड्यातल्या कुठल्या संध्याकाळी आपण घरी नसू, हे घरच्यांशी बसून ठरवावं, कळवून मोकळं होऊ नये. आणि पहिल्याच महिन्यात आपल्यानंतरचा माणूस शोधायला लागावं. आयईईईत अध्यक्ष एक वर्ष नियोजित, एक वर्ष प्रत्यक्ष आणि एक वर्ष माजी अध्यक्ष म्हणून काम करतो. खुर्चीवर नसताना मदत कशी करायची, याची सवय त्या तिसऱ्या वर्षात होते. तुमच्या छोट्या शाखेतही हे करता येईल.

आमच्या सचिवांनी मुदत संपल्यावर पुन्हा अर्ज भरला नाही. पुढचे काही महिने रिकामे गेले, चिडचिड झाली, दुसऱ्या एका समितीचं बोलावणंही आलं. अशा वेळी मी एकच आग्रह धरते : लगेच हो म्हणू नका. ते रिकामेपण थोडं अंगावर येऊ द्या, आणि त्या काळात शाखेच्या व्याख्यानांना नुसते श्रोते म्हणून जाऊन बसा.