विकसनशील देशांत बँकांकडे ठेवी पडून असतात, तरी खासगी उद्योगांना कर्ज का मिळत नाही?

ठेवी असूनही कर्ज मिळत नाही ही तक्रार रास्त आहे. मात्र व्याजदरावर मर्यादा घालून किंवा बँकांवर कर्ज देण्याची सक्ती करून हा प्रश्न सुटेल, असं अनेकदा सुचवलं जातं, ते मला पटत नाही. मी बरीच वर्षं बँकेच्या कर्ज विभागात प्रकरणं तपासली आहेत. माझ्या मते सगळं अडतं ते वसुलीपाशी.

आधी साधा हिशोब मांडतो. बँकेने प्रत्येकी १ लाखाची १०० कर्जं १२ टक्के व्याजाने दिली. ठेवीदारांना ६ टक्के द्यायचे आणि कामकाजाचा खर्च २ टक्के धरू. यातली ४ कर्जं पूर्ण बुडाली. उरलेल्या ९६ कर्जांवर व्याज आलं ११ लाख ५२ हजार. ठेवींचं व्याज आणि खर्च मिळून ८ लाख गेले, राहिले ३ लाख ५२ हजार. बुडालेली मुद्दल ४ लाख. म्हणजे शंभरातले ९६ जण प्रामाणिकपणे हप्ते भरत असूनही बँक तोट्यात! आता याच चार कर्जांतली ७० टक्के मुद्दल वर्षभरात वसूल होत असेल, तर बँकेच्या हातात २ लाख ३२ हजार उरतात. कर्जदार तेच आणि व्याजदरही तोच, फरक फक्त वसुलीचा. ज्या देशात दावा सात-आठ वर्षं कोर्टात पडून राहतो, तिथे ती ७० टक्के रक्कम कागदावरच राहते.

मग व्याज वाढवून तोटा भरून काढावा, असं वाटेल. तसं होत नाही. जोसेफ स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये याचं कारण मांडलं: दर वाढवला की सावध, सचोटीचे उद्योजक मागे सरतात आणि कुठल्याही दराने घ्यायला तयार असलेले, जोखमीचे कर्जदार पुढे येतात. म्हणून एका टप्प्यानंतर बँक दर वाढवत नाही, सरळ नाही म्हणते.

आता एखादी फाइल उघडून बघू. यंत्रांचे सुटे भाग बनवणारा छोटा कारखाना. जागा भाड्याची, यंत्रं जुनी. पण एका मोठ्या कंपनीकडून त्याला नियमित ऑर्डर मिळतात आणि तिच्याकडची बिलं ९० ते १२० दिवसांनी वसूल होतात. ही येणीच त्याची खरी मालमत्ता. खेळतं भांडवल हवंय तेही त्याच फटीसाठी, कारण कामगारांचा पगार महिन्याला द्यावा लागतो. बँक विचारते, तारण काय? जमीन आहे, पण ती आजोबांच्या नावावर, वाटणी झालेली नाही. येणी तारण घ्यावीत, तर तीच बिलं आणखी कुणाकडे गहाण आहेत का, हे बघायला नोंदवहीच नसते. त्यात कर वाचवायला विक्री कमी दाखवलेली, त्यामुळे ताळेबंदात धंदा आहे त्याच्या निम्माच दिसतो. अधिकाऱ्याला धंदा चांगला चाललेला डोळ्यांना दिसत असतो. पण कर्ज थकलं तर सही करणाऱ्याची चौकशी होते आणि चांगलं प्रकरण नाकारलं तर त्याला कुणी जाब विचारत नाही. असे अर्ज परत जाताना मी पाहिले आहेत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरीकडे सरकार कर्ज उभारायला स्वतःचे रोखे विकत उभंच असतं. स्वतःच्या चलनातल्या सरकारी रोख्यांना शून्य टक्के जोखीमभार (त्यामागे किती भांडवल राखायचं, ते ठरवणारा टक्का) देण्याची मुभा बँकांसाठीच्या बासेल या आंतरराष्ट्रीय नियमांत आहे, तर पतमानांकन नसलेल्या कंपनीच्या कर्जाला साधारणपणे १०० टक्के. म्हणजे रोख्यांसाठी भांडवल बाजूला ठेवावं लागत नाही, तपासणी नाही, वसुली नाही. तूट मोठी असलेलं सरकार चढा दर देत असेल, तर छोट्या कारखान्याची फाइल कोण उघडेल?

केनियाने सप्टेंबर २०१६ मध्ये व्याजदरावर मर्यादा घालण्याचा उपाय करून पाहिला. कर्जाचा दर मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा ४ टक्क्यांहून जास्त नको, असा कायदा केला. हेतू छोट्यांना स्वस्त कर्ज मिळावं हाच होता. पण तेवढ्या दरात छोट्यांची जोखीम परवडेना, तेव्हा बँका रोख्यांकडे आणि मोठ्या ग्राहकांकडे वळल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये ही मर्यादा उठवली. पाकिस्तानात कर्जं ठेवींच्या ५० टक्क्यांपेक्षा कमी असणाऱ्या बँकांवर जादा कर लावला होता. २०२४ च्या अखेरीस बँकांनी आकडा गाठायला बिगर-बँक वित्तसंस्थांना भराभर कर्जं दिली. सक्तीने ठेवींच्या तुलनेत कर्जांची टक्केवारी वाढली, पण पैसा कारखान्यापर्यंत पोचला असं म्हणता येत नाही. आणि कर्जं वाढली म्हणजे भलंच झालं, असंही नाही. १९९७ मध्ये अर्थव्यवस्था कोसळण्याआधी थायलंडमधली खासगी कर्जं देशाच्या उत्पन्नाच्या १०० टक्क्यांच्याही वर गेली होती.

उपाय आहेत, पण ते कंटाळवाणे आहेत आणि त्यावर मतं मिळत नाहीत. चीनने २००७ च्या मालमत्ता कायद्यात येणी तारण ठेवायला स्पष्ट मान्यता दिली आणि त्यांच्या नोंदणीची ऑनलाइन सोय केली. मेक्सिकोच्या नाफिन या सरकारी विकास बँकेने २००१ पासून छोट्या पुरवठादारांची मोठ्या कंपन्यांवरची बिलं ऑनलाइन वटवायची, म्हणजे मुदतीआधीच त्यांचे पैसे मिळवायची, व्यवस्था उभारली. तिथे पत मोजली जाते ती बिल देणाऱ्या मोठ्या कंपनीची, त्यामुळे वर सांगितलेल्या कारखानदाराचं आजोबांच्या जमिनीवाचून अडत नाही.

माझ्या हाती असतं तर मी व्यापारी दाव्यांना मुदत घातली असती आणि सरकारला आधी स्वतःची देणी वेळेवर चुकवायला लावली असती. अनेक देशांत कंत्राटदारांची थकबाकी सरकारकडेच सर्वात मोठी असते. बिल अडकलं की त्यांचे हप्ते थकतात, बँकेच्या वहीत ते थकबाकीदार ठरतात आणि पुढच्या वेळी त्यांच्यासारख्या सगळ्यांनाच नकार मिळतो.