नळी मोकळी असूनही पित्त अडते कसे?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ विजेच्या उपकरणांसाठी इपॉक्सीचे भाग ओतण्याच्या कारखान्यात काम करतो. रेझिन आणि हार्डनर मिसळण्याचे काम त्याच्याकडे असते आणि तो हातमोजे क्वचितच घालतो. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या पोटात जोराची कळ आली आणि दोन दिवसांत डोळे पिवळे झाले. खाजेमुळे त्याला रात्रभर झोप लागत नाही. सोनोग्राफीत खडा दिसला नाही आणि विषाणूंच्या तपासण्यांतही काही आढळले नाही. डॉक्टर म्हणतात, पित्त यकृताच्या आतच अडले आहे. नळी मोकळी असताना ते अडते कसे? आईला त्याला गावाकडचे काविळीचे औषध द्यायचे आहे. ते द्यावे का?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : आपल्या भावाची कावीळ नेमकी कशामुळे झाली, हे त्यांना तपासणारे डॉक्टरच ठरवू शकतील. तरीही आपण कामाचे स्वरूप इतक्या तपशिलाने लिहिले हे फार चांगले झाले, कारण तीच माहिती केसपेपरवर बहुतेक वेळा येत नाही.

पित्त हे नळातल्या पाण्यासारखे उतारावरून आपोआप वाहत नाही. दिवसाला सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त यकृताच्या पेशी स्वतः ऊर्जा खर्च करून बाहेर टाकत असतात. शेजारशेजारच्या दोन पेशींच्या मध्ये मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी अरुंद फट असते. तिला स्वतःची वेगळी भिंत नसते; पेशींचे पापुद्रे हीच तिची भिंत. या पापुद्र्यात बसलेली प्रथिने पंपाप्रमाणे पित्तक्षार, म्हणजे पित्तातले मुख्य घटक, फटीत ढकलतात, त्यांच्यामागून पाणी ओढले जाते आणि फटीभोवतीचे तंतू आकुंचन पावून तो रस पुढे, पित्तनलिकांकडे सारतात. सोनोग्राफीला मोठ्या नलिका दिसतात; हा सूक्ष्म कारभार तिच्या आवाक्याबाहेरचा आहे.

विषारी द्रव्ये या साखळीत निरनिराळ्या ठिकाणी घाव घालतात. अवयवरोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन पित्तक्षारांचा पंपच अडवते. व्यायामशाळांतून गुपचूप विकल्या जाणाऱ्या अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइडनी तरुणांना महिनोन्‌महिने टिकणारी कावीळ होते, आणि ही गोष्ट घरी कोणी सांगत नाही. विषारी अळंब्यांतील फॅलॉइडिन फटीभोवतीचे तंतू जखडून टाकते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. काही रसायने मात्र पेशीतून सुखरूप बाहेर पडतात, पित्तात उतरतात आणि त्याच पित्ताबरोबर वाहत जाऊन नलिकांचे अस्तर सोलून काढतात.

आपल्या प्रश्नाशी थेट जुळणारी एक घटना इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या एपिंग येथे 1965 मध्ये घडली. तेथे 84 जणांना अचानक कावीळ झाली. तपासाअंती कळले की, त्या सर्वांनी खाल्लेला पाव ज्या पिठाचा होता, ते पीठ वाहून नेणाऱ्या गाडीतच एका रसायनाचा डबा सांडला होता आणि ते पिठात मुरले होते. ते रसायन म्हणजे डायअमिनो-डायफेनिल-मिथेन, अर्थात इपॉक्सी रेझिन घट्ट करणारे एक हार्डनर. आधी पोटात कळ आणि मग कावीळ, असाच क्रम तेथेही अनेकांत दिसला. यकृताचे तुकडे तपासले तेव्हा पित्त साचलेले आणि नलिकांना सूज आलेली आढळली. पुढे रुग्ण बरे झाले. हे द्रव्य त्वचेतूनही शरीरात शिरते आणि ते उघड्या हातांनी हाताळणाऱ्या कामगारांनाही अशी कावीळ झालेली आहे. सगळ्याच हार्डनरांमध्ये ते नसते. म्हणून डब्यावरील नाव आणि त्यासोबतच्या सुरक्षापत्रकाची प्रत कारखान्याकडून मागून घ्यावी आणि डॉक्टरांना दाखवावी. मालकाने ती देणे हा उपकार नव्हे. ते कामगाराचे हक्काचे मागणे आहे.

गेल्या तीन महिन्यांत घेतलेली सर्व औषधेही लिहून न्यावीत. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल एकत्र असलेल्या प्रतिजैविक गोळ्यांची कावीळ कोर्स संपल्यानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकते, त्यामुळे तिचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

गावाकडचे औषध देऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. आईंची कळकळ मला समजते. परंतु घटक माहीत नसलेला पाला याच दुखावलेल्या यकृतातून जाणार आहे. कामावरही डॉक्टरांनी अनुमती दिल्याखेरीज परत जाऊ नये.

आतड्यात पित्त पोहोचत नसल्यामुळे शौच मातकट आणि लघवी गडद होते, तसेच रक्त गोठण्यासाठी लागणारे के जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येऊ लागले, भाऊ असंबद्ध बोलू लागला किंवा त्याला सतत गुंगी येऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. खाजेसाठी डॉक्टर बहुधा कोलेस्टिरॅमिनची पूड देतील. ती आतड्यातील पित्तक्षार धरून ठेवते, पण इतर औषधेही धरून ठेवते. त्यामुळे बाकीच्या गोळ्या तिच्या आधी किमान एक तास किंवा नंतर चार ते सहा तासांनी द्याव्यात.