लघुपट-संकलनाच्या सरावासाठी तयार रशेस (न कापलेले मूळ चित्रीकरण) घ्यावेत की स्वतः चित्रीकरण करावे?

डाव्हिंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची विनामूल्य आवृत्ती शिकून झाली, पण कापायला साहित्य नाही, अशी आपली अडचण आहे. माझ्या मते स्वतःच, मोबाइलवर चित्रीकरण करावे आणि लघुपट पाच-सहा मिनिटांपेक्षा मोठा करू नये. सरावासाठी मिळणारे रशेस बहुधा नीटनेटके असतात. संकलकाचा बराच वेळ मात्र चित्रीकरणातल्या चुका निस्तरण्यात जातो, आणि त्या चुका आपल्या स्वतःच्या असल्या की शिकणे जास्त होते.

माझा पहिला लघुपट गुहागर तालुक्यातील धोपावे जेटीवरचा. दाभोळहून येणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहणारे माझे काका, एवढेच कथानक. सकाळी लांबून घेतलेल्या शॉटमध्ये भरती होती; दुपारी जवळून शॉट घेतले तेव्हा सुकती, म्हणजे ओहोटी, लागून कडेच्या दगडांवरची कालवे उघडी पडली होती. भरती आणि ओहोटी यांत साधारण सव्वासहा तासांचे अंतर असते, हे खाडीकाठी वाढलेल्या माणसाला सांगावे लागू नये. पण त्या दिवशी माझे सारे लक्ष संवादांकडे होते. टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधील शॉट मांडण्याच्या पट्टीवर, संवादांच्या क्रमाने शॉट जोडले, तर काकांनी मान वळवताच पाणी कमरेइतके खाली जाई.

वॉल्टर मर्च या संकलकांनी चांगल्या कटचे (एका शॉटवरून दुसऱ्यावर जाण्याचे) सहा निकष सांगताना भावनेला ५१ टक्के आणि त्रिमितीय अवकाशाच्या सातत्याला (दृश्यात कोण-काय कुठे आहे याच्या मेळाला) अवघे ४ टक्के महत्त्व दिले आहे. त्या आकड्यांच्या भरवशावर मी पाण्याकडे काणाडोळा केला. पहिला प्रेक्षक मच्छीमारी करणारा शेजारी निघाला आणि त्याने विचारले, ‘‘सुकती एवढ्यात लागली काय रे?’’ मग हात, चपला, कावळा असे शॉट मध्ये घालून दोन दिवस झाकाझाकी केली, तीही साधेना. शेवटी संवादांचा क्रम सोडून दिला आणि सर्व शॉट केवळ पाण्याच्या पातळीप्रमाणे लावले. अकरा वाक्यांपैकी ‘आज बोट येत नाय वाटतं’ एवढे एकच उरले, सहा मिनिटांचे तीन मिनिटे चाळीस सेकंद झाले आणि पटकथेतली अर्ध्या तासाची वाट दिवसभराची झाली.

याच साहित्यावर आणखी एक प्रयोग करता येतो. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी १९२० च्या सुमारास एकाच अभिनेत्याचा निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांशी जोडून दाखवला होता. आपण घरातल्या आजीचा आठ सेकंदांचा शॉट घ्यावा आणि त्यापुढे एकदा रिकामी जेटी, एकदा येणारी बोट, एकदा वाळत घातलेल्या सुकटीपाशी बसलेले मांजर जोडावे. आजीच्या मनात काय चालले आहे, हे तीन निरनिराळ्या माणसांना विचारावे. स्वतः काही सुचवू नये.

आवाजाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण किनाऱ्यावर वारा थेट माइकवर आदळतो. सुमारे १०० हर्ट्‌झच्या खालचा भाग गाळला की घरघर कमी होते, पण फडफड राहतेच; म्हणून प्रत्येक जागी कोणी न बोलता मिनिटभराचा आवाज वेगळा नोंदवून ठेवावा आणि तो कटच्या सांध्याखाली पसरावा. बोट दिसण्याआधी दीड सेकंद तिच्या इंजिनाचा आवाज सुरू केला, तर काकांचे वळून पाहणे आपोआप पटते. मोबाइलच्या चित्रीकरणात फ्रेमचा वेग कमी-जास्त होत असल्याने लांब क्लिपमध्ये आवाज ओठांच्या मागे-पुढे सरकू शकतो. तसे झाल्यास हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमचा वेग स्थिर करून मगच संकलनाला बसावे.

पहिली आवृत्ती पुसू नये. पंधरा दिवसांनी तेच साहित्य पुन्हा कापावे आणि कोणाला तरी दाखवावे. दाखवताना मात्र आपण पडद्याकडे न पाहता पाहणाऱ्याकडे पाहावे आणि तो जेथे चुळबुळ करील तेथील टाइमकोड टिपावा. माझ्या लघुपटात ती जागा एक मिनिट पन्नास सेकंदांवर होती. तेथला बगळ्याचा शॉट मला सर्वांत आवडत होता, तो काढला.